यातलं घ्यायचं कुठलं?

फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची किंमत डाउनलोडच्या पानावर मोजावी लागते. तिथे कुणी पैसे मागत नाही, आधार कार्ड मागत नाही, ओटीपीसुद्धा मागत नाही. एक यादी समोर टाकतात आणि बाजूला होतात. यादीत दहा-बारा फाइली असतात आणि एकेकीचं नाव हातभर लांब. आलेल्या माणसाचा प्रश्न साधा असतो: यातलं मी घ्यायचं कुठलं? या एका प्रश्नाचं उत्तर सोडून बाकी साऱ्या जगाची माहिती त्या नावांत ठासून भरलेली असते.

नमुन्यादाखल एक नाव घेऊ. 'एडिटर-२.१०.०-आरसी२-१४८-जी७एफ३ए९सी१-एएमडी६४'. हे नाव मी जुळवलेलं आहे, पण यातला एकही तुकडा पदरचा नाही. अशी नावं रोज जन्माला येतात आणि कळणाऱ्याला त्यातून पोराची अख्खी कुंडली मांडता येते. २.१०.० ही आवृत्ती, जी अजून व्हायची आहे. आरसी म्हणजे 'रिलीज कँडिडेट'. आरसी२ म्हणजे उमेदवारी अर्ज दुसऱ्यांदा भरलेला. तो भरून झाल्यावर कोडमध्ये आणखी १४८ बदल झाले, ते पुढे नोंदवलेत. त्यानंतरचा 'जी' हा गिट नावाच्या प्रणालीचा, आणि त्याला चिकटलेली अक्षरं म्हणजे शेवटच्या बदलाचा अंगठा. मूळ अंगठा चाळीस अक्षरांचा असतो, इथे सवलतीत सातावर भागवलंय.

उरलं एएमडी६४. ज्याच्या लॅपटॉपवर इंटेलचं स्टिकर आहे तो इथे थबकतो आणि 'हे आपल्यासाठी नाही' असं समजून मागे फिरतो. वास्तविक ते त्याच्याचसाठी असतं. घरोघरच्या संगणकांत आज जी ६४ बिटांची रचना असते ती एएमडीने आणली. २००३ साली तिचे प्रोसेसर बाजारात आले आणि पुढच्याच वर्षी इंटेलनेही तीच वाट धरली. तोवर फाइलींच्या नावांत एएमडी ऐसपैस मांडी घालून बसलं होतं. त्याला उठवणार कोण?

तेव्हा नाव चुकीचं असतं अशातला भाग नाही. उलट ते नको इतकं अचूक असतं, पण बनवणाऱ्याने ते स्वतःसाठी ठेवलेलं असतं. काम कुठल्या टप्प्यावर आहे, हे त्याला त्यावरून कळतं. घेणाऱ्याला टप्प्याशी काही कर्तव्य नसतं. त्याला एवढंच विचारायचं असतं की बाबा रे, हे चालेल ना?

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. नातवाच्या मुंजीचं चार तासांचं शूटिंग कापून वीस मिनिटांवर आणायचं त्यांनी मनावर घेतलं होतं, कारण त्याहून जास्त वेळ कुठलाही नातेवाईक बसून बघत नाही, हा त्यांचा अनुभव. त्यासाठी कुणीतरी त्यांना एक फुकट सॉफ्टवेअर सुचवलं. ते डाउनलोड करायला बसले, आणि यादी पाहून त्यांनी मला बोलावून घेतलं.

"हे बघ," ते म्हणाले, "इथे 'स्टेबल' लिहिलंय, शेजारी 'लेटेस्ट' आणि खाली 'नाइटली' म्हणून आणखी काहीतरी आहे. यातलं खरं कुठलं?"

"तिन्ही खरी आहेत, काका."

"असं कसं? एका शाखेचे तीन ताळेबंद निघाले तर त्यातले दोन खोटे असणार की नाही?"

"स्टेबल म्हणजे तपासून झालेलं. लेटेस्ट म्हणजे त्यानंतर नवीन काही घालून काढलेलं. आणि नाइटली म्हणजे काल रात्री जिथवर काम आलं होतं तिथवरचं."

"ते काल रात्रीचं कुणी डोळ्यांखालून घातलंय का?"

"नाही. ठरलेल्या वेळी मशीन आपलं आपण बनवतं."

"म्हणजे सही झालेली नाही."

"नाही."

"मग ही कच्ची वही झाली. पक्क्या वहीत उतरवायच्या आधी ती गिऱ्हाइकापुढे ठेवायचीच कशाला?" काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि मला एक सांग. ताजं ते कच्चं आणि पक्कं ते शिळं, असंच ना?"

उत्तर 'हो' असंच होतं, पण ते इतक्या उघडपणे द्यायचा मला धीर होईना. या धंद्यात उभी हयात घालवलेली माणसंही हे इतक्या थोडक्यात सांगत नाहीत. ती तक्ते काढतात.

मी पोचण्याआधी काकांनी स्वतःच्या अक्कलहुशारीने एक फाइल उतरवूनही ठेवली होती. यादीच्या अगदी तळाशी 'सोर्स कोड' या साध्यासुध्या नावाची झिप होती. नावात आकडे नाहीत, इंग्रजी आद्याक्षरांचं जंजाळ नाही, आकारही सगळ्यांत लहान. गरिबाघरची सालस मुलगी बघावी तसं त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि पसंत केली. उघडली तर आत शेकडो फाइली, आणि डबल-क्लिक करावं असं काहीही नाही. ती कृती होती, पदार्थ नव्हता. प्रोग्रामर मंडळी आपला कोड जिथे ठेवतात त्या गिटहबवर प्रत्येक रिलीजच्या खाली ही झिप आपोआप लटकवली जाते. कुणाला हवी असो वा नसो.

मग काकांनी स्वतःच तोडगा काढला. "नावांचं राहू दे. ज्याचा नंबर मोठा ते घेऊ." बँकेतल्या माणसाचा आकड्यांवर विश्वास असणारच. पण सॉफ्टवेअरमधले आकडे बँकेतल्या आकड्यांसारखे वागत नाहीत.

१.९ नंतर काय येतं? शाळेत शिकलेला माणूस म्हणेल, २.०. सॉफ्टवेअरवाला म्हणेल, १.१०. शाळेत १.१ आणि १.१० यांची किंमत एकच. इथे दोघांच्या मध्ये आठ आवृत्त्या होऊन गेलेल्या असतात. टिंब दिसायला दशांशचिन्हासारखं असलं तरी त्याचं काम फक्त दोन आकड्यांना एकमेकांपासून लांब ठेवायचं. हा घोटाळा फक्त माणसांचाच होतो असंही नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात पायथन या भाषेची ३.१० ही आवृत्ती आली. तेव्हा ज्यांनी आपल्या सेटिंगच्या फाइलीत ३.१० हा आकडा अवतरणचिन्हांशिवाय लिहिला होता त्यांच्या यंत्रांनी तो शाळेतल्या गणिताप्रमाणे ३.१ असा वाचला, आणि बारा वर्षांपूर्वीचं पायथन हुडकायला निघाली. यंत्राचं गणित पक्कं होतं, हीच अडचण.

लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, एके काळी सम-विषमाचा नियम होता. मधला आकडा सम असेल तर सर्वांसाठी, विषम असेल तर कामाच्या माणसांसाठी. २.४ घ्यावं, २.५ च्या वाटेला जाऊ नये. नियम सुटसुटीत होता, फक्त तो आधी माहीत असावा लागे. पाटीवर लिहिलेलं नसायचं. २००३ साली २.६ आलं आणि पुढे हा नियमच गुंडाळला गेला. मग २.६ चं शेपूट वाढत वाढत २.६.३९ पर्यंत गेलं. २०११ साली लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी तिथे कात्री लावून त्याला ३.० म्हटलं. काही क्रांती वगैरे झाली होती म्हणून नव्हे. आकडे फार वाढले, इतकंच कारण.

आकडा वाढवायची कारणं तरी किती परीची. विनअँप हा गाणी वाजवणारा प्रोग्राम दुसऱ्या आवृत्तीत लोकांचा लाडका झाला, तिसरी लोकांना रुचली नाही, मग दोहोंतलं चांगलं एकत्र करून जे काढलं त्याला नाव दिलं पाच, कारण दोन अधिक तीन पाच. चार जन्मलंच नाही. स्लॅकवेअर या लिनक्सच्या अवताराने १९९९ साली चारवरून थेट सातवर उडी घेतली, कारण बाकीच्यांचे आकडे पुढे गेलेले पाहून लोक विचारू लागले होते की तुम्ही मागे का राहिलात. ईमॅक्स या एडिटरवाल्यांना पूर्वीच कळून चुकलं की सुरुवातीचा 'एक' काही बदलायचा नाही, तेव्हा त्यांनी तो काढून टाकला आणि १.१२ नंतर एकदम १३ आलं. फायरफॉक्सला १.० पासून ४ पर्यंत पोचायला २००४ ते २०११ अशी सहा वर्षांहून जास्त वर्षं लागली, आणि त्याच २०११ च्या डिसेंबरात त्याची नववी आवृत्ती आलीसुद्धा. बाळसं धरलं म्हणावं तर तसंही नाही. दर काही आठवड्यांनी गाडी सोडायची असं ठरलं होतं, आणि गाडी सुटली की आकडा वाढायचा.

विंडोजचं तर चारचौघांत नाव एक आणि कागदोपत्री दुसरं. विंडोज ७ ला आतून विचारलं तर ते स्वतःला ६.१ म्हणवतं, ८ स्वतःला ६.२ म्हणवतं. दहाच्या वेळी बाहेरचं आणि आतलं जुळलं, नऊ मध्येच कुठेतरी गळालं. मग अकरा आलं, आणि ते आतून अजून १०.० च आहे.

आकड्यांना कंटाळून काहींनी तारखा धरल्या. उबुंटू या लिनक्सच्याच आणखी एका अवताराची पहिली आवृत्ती २००४ च्या ऑक्टोबरातली, म्हणून तिचं नाव ४.१०. दशांश नाही, आवृत्ती नाही, सरळ वर्ष आणि महिना. २००६ च्या एप्रिलमध्ये ६.०४ यायची होती, ती दोन महिने लांबली, तर तिचं नाव बदलून ६.०६ ठेवलं. उशीर झाला तर तो नावात मांडायचा, हा प्रामाणिकपणा आपल्याकडे रेल्वेला लागू केला तर कित्येक गाड्यांचे नंबर रोज बदलावे लागतील.

अँड्रॉइडने वेगळी वाट धरली, गोडधोडाची. कपकेक, डोनट अशी इंग्रजी वर्णमालेतून नावं चालली. २०१५ साली 'एम' हे अक्षर आलं तेव्हा मोदक हातातोंडाशी आला होता असं मराठी माणसाला वाटून गेलं असल्यास नवल नाही, पण मार्शमेलोने बाजी मारली. २०१९ मध्ये गूगलने ही प्रथा लोकांपुरती बंद केली आणि दहा, अकरा असे साधे आकडे घेतले. जगभरातल्या लोकांना ही नावं सारखी कळत नाहीत, काही भाषांत काही अक्षरांचे उच्चार वेगळे ओळखू येत नाहीत, अशी कारणं त्यांनी दिली, आणि ती पटण्यासारखी आहेत. आपल्या आजीला मार्शमेलो म्हणजे काय हे सांगून पाहिलेल्या कुणालाही पटतील. आतल्या गोटात मात्र पंगत अजून उठलेली नाही. अकरा म्हणजे रेड वेलवेट केक आणि तेरा म्हणजे तिरामिसू.

नावं नुसती गंमत म्हणून ठेवतात असं वाटेल. पण एका ठिकाणी ती चांगलीच ठेच लागल्यावर आली. डेबियन हा लिनक्सचा एक फार मानाचा अवतार. पुढे उबुंटू त्याच्याच खांद्यावर उभं राहिलं. १९९५ साली डेबियनची १.० ही आवृत्ती तयार होत होती. तेव्हा इंटरनेटचा वेग इतका बेताचा होता की असली सॉफ्टवेअरं लोक सीडीवर विकत घेत. एका सीडी विकणाऱ्या कंपनीने डेबियनच्या सर्व्हरवर डोकावलं, तिथे पुढच्या आवृत्तीचं अर्धवट काम पडलेलं होतं. तिने ते उचललं, सीडीवर चढवलं आणि 'डेबियन १.०' म्हणून बाजारात आणलं. त्या सीडीवरून संगणक धड सुरू होण्याचीही खात्री नव्हती. ११ डिसेंबर १९९५ रोजी डेबियनची मंडळी आणि ती कंपनी यांना मिळून जाहीर करावं लागलं की ही आवृत्ती खरी नव्हे. मग खऱ्या आवृत्तीचं काय करायचं? तिलाही १.० म्हटलं तर बाजारात दोन १.० होणार, एक सोंगाडं आणि एक खरं. तेव्हा १९९६ च्या जूनमध्ये तिला १.१ म्हणून बाहेर काढलं. डेबियन १.० आजतागायत झालेलं नाही आणि आता व्हायचंही नाही.

त्यानंतर त्यांनी शहाणपण केलं. काम चालू असताना आवृत्तीला आकडाच द्यायचा नाही, टोपणनाव द्यायचं. टोपणनावावरून ते पूर्ण झालंय की नाही हे बाहेरच्याला कळत नाही, त्यामुळे कुणी घाईने उचलतही नाही. त्या वेळी प्रकल्पाची धुरा ज्यांच्याकडे आली ते ब्रूस पेरेन्स पिक्सार कंपनीत होते, आणि पिक्सारचा 'टॉय स्टोरी' नुकताच पडद्यावर आला होता. मग बझ, वुडी, पोटॅटो अशी खेळण्यांची नावं एकेका आवृत्तीला मिळत गेली, ती अजून मिळताहेत. आणि जिथे रोजची मोडतोड चालते त्या कायमच्या कच्च्या शाखेला नाव दिलं सिड. सिनेमात शेजारच्या घरातला खेळणी मोडणारा पोरगा तो. सगळ्या सॉफ्टवेअरच्या दुनियेत इतकं चपखल नाव दुसरं नसेल. 'अनस्टेबल' वाचून माणूस म्हणतो, थोडंसं हललं तर हललं. सिड ज्याने पाहिलाय तो हातच लावत नाही.

पण शहाणपणालाही शेंडी फुटतेच. डेबियनची जी आवृत्ती चालू पक्की असते तिला म्हणतात स्टेबल. नवी आली की ती होते ओल्डस्टेबल. आणखी एक आली की मूळची होते ओल्डओल्डस्टेबल. हे विनोदाने म्हटलेलं नाही, ही अधिकृत नावं आहेत. यापुढे काही म्हणायची वेळ येण्याआधी ती माळ्यावर जाते.

काकांना मी फ्रीबीएसडीबद्दल सांगितलं नाही, त्यांचं रक्तदाबाचं औषध चालू आहे. या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये करंट, स्टेबल आणि रिलीज अशा तीन पाट्या असतात. वाचणारा साहजिकच स्टेबलवर बोट ठेवतो. तिथली माहितीपुस्तिका सांगते की स्टेबल ही काम चालू असलेली शाखा आहे. आपला संगणक नीट चालावा एवढीच ज्याची इच्छा आहे त्याने रिलीज घ्यावं. मग तिला स्टेबल म्हणायचं कशासाठी? तर तिच्यात बदल होत राहिले तरी तिच्यावर चालणारे प्रोग्राम मोडणार नाहीत, असं वचन आहे म्हणून. वचन प्रोग्राम लिहिणाऱ्यांना दिलेलं आहे. आपण ते पाटीवर वाचून स्वतःला दिलंय असं धरून चालतो.

याच्या वरताण म्हणजे 'स्नॅपशॉट'. जावा भाषेत काम करणारे मेव्हन नावाचं एक साधन वापरतात. त्यात '१.०-स्नॅपशॉट' असं नाव दिसलं तर कुणीही समजेल की १.० झालं आणि त्याचा फोटो काढून ठेवला. प्रत्यक्षात १.० अजून जन्माला यायचं असतं. हा त्याच्या पोटातल्या दिवसांचा फोटो. शिवाय फोटो एकदा काढला की बदलत नाही ही आपली समजूत. इथे सकाळचा '१.०-स्नॅपशॉट' आणि संध्याकाळचा '१.०-स्नॅपशॉट' या एकाच नावाच्या दोन निरनिराळ्या वस्तू असू शकतात. एकाच्या संगणकावर चालतं, शेजारच्याच्या संगणकावर चालत नाही, आणि दोघंही शपथेवर सांगतात की आम्ही तेच वापरतोय.

आणि 'लेटेस्ट'? डॉकर नावाच्या साधनात प्रत्येक पेटाऱ्याला एक चिठ्ठी लावतात. तुम्ही कुठलीच चिठ्ठी लावली नाहीत तर ते स्वतः 'लेटेस्ट' अशी चिठ्ठी लावून मोकळं होतं. पुढे तुम्ही नवा पेटारा बनवून त्यावर नुसतं '२.०' लिहिलंत, तर 'लेटेस्ट' जुन्यावरच राहते. जगातल्या सगळ्यांत नव्या वस्तूचं नाव वर्षभर जुन्या वस्तूवर मिरवत राहतं आणि यंत्राच्या लेखी त्यात काहीच वावगं नसतं. चिठ्ठी खरी की खोटी हे बघायचं काम त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

'नाइटली'मधली रात्र कुणाची, हाही एक प्रश्नच. फायरफॉक्सची नाइटली दिवसातून दोनदा निघते, तेव्हा त्यातली एक तरी जगात कुठे ना कुठे भर दुपारी पोचत असणार. गूगलच्या क्रोमने या रोजच्या कच्च्या मालाला कॅनरी म्हटलं. ब्रिटनमधले खाणकामगार कोळशाच्या खाणीत पिंजऱ्यात कॅनरी पक्षी घेऊन उतरत. विषारी वायूने आधी पक्षी लटपटे आणि माणसं वेळीच बाहेर पडत. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने ही प्रथा बंद करायचं ठरवलं आणि पक्ष्यांच्या जागी यंत्रं आली. हे नाव क्रोमने अगदी सरळ मनाने ठेवलंय. डाउनलोड करणाऱ्याने फक्त एवढं लक्षात घ्यायचं की या गोष्टीतला पक्षी आपण आहोत.

असं सगळं असून एक गोष्ट मला या नावांबद्दल फार आवडते. ती ओशाळवाणी आहेत. बाजारातली प्रत्येक वस्तू छाती पुढे काढून येते, आणि ही मंडळी दारातच सांगतात की अजून झालेलं नाही बरं का. सगळ्यांचं असं नसतं. जीमेलने १ एप्रिल २००४ ला 'बीटा' ही पाटी लावली ती २००९ च्या जुलैपर्यंत उतरवली नाही. पाच वर्षं जगभर लोक त्यातून नोकरीचे अर्ज आणि लग्नाच्या पत्रिका पाठवत राहिले आणि ते बापडं 'मी अजून चाचणीतच आहे' म्हणत राहिलं. तो विनय होता की सोय, हे ज्याने त्याने ठरवावं. पण आपल्या मनाने, रिकाम्या वेळात कोड लिहिणारी माणसं जेव्हा 'अनस्टेबल' लिहितात तेव्हा त्यात खरोखर काळजी असते.

कच्च्याचं पक्कं होतं कधी, हे बघायला गेलं तर आणखी मजा आहे. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखाली शेकडो प्रकल्प चालतात. तिथे रिलीज कँडिडेट तयार झाला की खरोखरीचं मतदान होतं. रिवाजाप्रमाणे मतपेटी किमान ७२ तास उघडी ठेवतात. निदान तीन अधिकृत मतं बाजूने पडायला हवीत आणि विरोधापेक्षा ती जास्त हवीत. उमेदवार निवडून आला की ज्या फाइलींवर मतं पडली त्याच फाइली रिलीज म्हणून बाहेर जातात. त्यांच्यात कानामात्रेचा फरक करायचा नाही. केला तर मत ज्याला दिलं तो हा नव्हेच. म्हणजे सोमवारी जी कच्ची होती तीच गुरुवारी पक्की. आतला एक बिटही हललेला नसतो. मधल्या तीन दिवसांत काही लोकांनी ती उतरवून घेतली, चालवली, उलटीपालटी करून पाहिली आणि हरकत घेतली नाही, एवढंच घडलेलं असतं.

तेव्हा पक्केपणा फाइलीत नसतोच. तो तिच्या भोवती साचतो. कुणीतरी आपल्या संगणकावर आदल्या रात्रीचं कच्चं चढवलं, त्याचं काम अडलं, त्याने शिव्या घातल्या आणि मग बसून सविस्तर तक्रार लिहिली की अमुक बटण दाबल्यावर तमुक होतं. दुसऱ्या कुणीतरी ते दुरुस्त केलं. असं बरेच दिवस चाललं की त्या पाटीवर 'स्टेबल' लिहायचं धाडस होतं. सगळ्यांनीच शहाणपणाने फक्त स्टेबल घ्यायचं ठरवलं तर स्टेबल नावाचं काही उरणारच नाही, कारण ते होऊ देणारं कुणी नसेल. काकांनी विचारलं होतं की कच्ची वही गिऱ्हाइकापुढे ठेवायचीच कशाला. तिथे गिऱ्हाईकच ऑडिटर असतं, म्हणून. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग ऑडिट फी?" ती नसते म्हटल्यावर त्यांनी स्टेबलवर क्लिक केलं.

ऑडिट फी देणारा एक माणूस मात्र आहे. डोनाल्ड कनूथ. गणिताची पुस्तकं देखणी छापता यावीत म्हणून त्यांनी टेक नावाचा प्रोग्राम लिहिला आणि त्यात चूक शोधून देणाऱ्याला ते पैसे देत आले, सुरुवात २.५६ डॉलरपासून; २५६ सेंट म्हणजे संगणकाच्या सोळाच्या गणितातला एक पूर्ण डॉलर. लोक ते चेक वठवत नसत, फ्रेम करून भिंतीवर लावत. आवृत्तीच्या आकड्यांचा तिढाही त्यांनी आपल्या पद्धतीने सोडवला. तिसऱ्या आवृत्तीनंतर टेकमध्ये नवं काही घालायचं नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या, आणि दर दुरुस्तीला आकड्याच्या शेपटाला एक अंक जोडायचा, तोही मनाचा नाही, पायचा. ३.१, मग ३.१४, मग ३.१४१. २०२१ सालची दुरुस्ती ३.१४१५९२६५३ या आकड्यावर आली. प्रत्येक आवृत्ती पायच्या जरा जास्त जवळ जाते आणि पोचत कधीच नाही. इथे मोठा आकडा म्हणजे जास्त पक्कं, हा काकांचा नियम अक्षरशः खरा ठरतो.

शेवटच्या आवृत्तीचीही त्यांनी तजवीज करून ठेवली आहे. आपल्या मृत्यूनंतर टेकचा आकडा पाय करावा, नुसतं ते ग्रीक अक्षर, आणि मग त्याला कुणी हात लावू नये. तोवर ज्या चुका राहिल्या असतील त्या त्या क्षणापासून चुका नसून गुणविशेष समजाव्यात. जिच्यावर कसलंही शेपूट नाही, आरसी नाही, तारीख नाही, अशी संपूर्ण, निर्विवाद, कायमची पक्की आवृत्ती मिळायची असेल तर ती अशी मिळते. कनूथ १९३८ चे. त्यांना उदंड आयुष्य लाभो आणि टेक अपुरंच राहो.